संगणकाचा कळफलक : वापरणाऱ्याच्या सोयीने

टंकलेखनयंत्रात कळ आणि अक्षर यांचे नाते लोखंडी असे. कळ दाबली की तिला जोडलेला दांडा उचलला जाई, दांड्याच्या टोकावरचा खिळा शाईच्या फितीवर आपटे आणि कागदावर अक्षर उमटे. एका कळेचे अक्षर दुसऱ्या कळेला द्यायचे म्हटले तर यंत्र कारागिराकडे न्यावे लागे. ख्रिस्तोफर शोल्स यांचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली अमेरिकेच्या बाजारात आणले, त्यानंतर ८१ वर्षांनी, १९५५ साली, मुंबईत गोदरेजने भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र तयार केले. या साऱ्या काळात यंत्रात सुधारणा पुष्कळ झाल्या. परंतु यंत्र जसे येईल तसे स्वीकारावे आणि बोटांनी आपली सवय त्याला जुळवून घ्यावी, हा शिरस्ता काही बदलला नाही.

टंकलेखनयंत्रे कार्यालयांतून गेली आणि त्यांच्या जागी संगणक आले. शिरस्ता मात्र मागे राहिला. कळफलकावर जे छापले आहे तेच त्या कळेचे काम, अशी आपली समजूत अद्याप कायम आहे. वस्तुस्थिती तशी नाही. संगणकाच्या कळेखाली कोणतेही अक्षर नसते. कळ दाबली असता अमुक जागेवरची कळ दाबली गेली, एवढाच सांकेतिक क्रमांक संगणकाकडे जातो. त्या क्रमांकाचा अर्थ काय लावावयाचा हे संगणकातील एका कोष्टकावरून ठरते. कोष्टक इंग्रजीचे असेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षर उमटते, मराठीचे असेल तर त्याच कळेने 'क' उमटतो. 'कंट्रोल' किंवा 'आल्ट' या कळा सोबत दाबल्या असतील तर अक्षर न उमटता एखादी आज्ञा पार पडते. कळेवरची छपाई ही केवळ खूण आहे, आणि कोष्टक वापरणाऱ्यास बदलता येते. या सोयीचा उपयोग दैनंदिन मराठी कामकाजात कसा करून घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम अक्षरांच्या मांडणीकडे वळू. मराठी टंकलेखन शिकलेल्या जुन्या पिढीच्या बोटांत रेमिंग्टनची मांडणी बसलेली आहे. त्या मांडणीत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने, तुकड्यातुकड्यांनी जोडली जातात. 'किती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर येतो. इन्स्क्रिप्ट या मांडणीचे तत्त्व याच्या उलट आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी ठरविली आणि १९९१ च्या भारतीय मानक १३१९४ मध्ये तिला स्थान मिळाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले 'जिस्ट'चे कार्य याच परंपरेतील होय. इन्स्क्रिप्टमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात : आधी 'क', मग वेलांटी. स्वर आणि स्वरचिन्हे मुख्यतः डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. 'क' आणि 'ख', 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ' अशा जोड्यांना एकच कळ असून जोडीतील दुसरे अक्षर 'शिफ्ट' दाबून मिळते. बाराखडी ज्याला पाठ आहे त्याला ही मांडणी परकी वाटू नये. 'किती' हा शब्द इंग्रजी छपाईच्या के, एफ, एल, आर या चार कळांनी लिहिला जातो आणि त्यात उजवा व डावा हात आलटून पालटून काम करतात. वेगाचे रहस्य त्यातच आहे.

तरीही वीस वर्षे रेमिंग्टनवर काम केलेल्या लिपिकास एका रात्रीत इन्स्क्रिप्ट स्वीकारा असे सांगणे हे त्याच्या कौशल्यावर पाणी सोडण्यासारखे आहे. मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांची परीक्षा ज्याने उत्तीर्ण केली त्याची बोटे अडखळू लागली की प्रथम त्याचा स्वतःवरचा विश्वास ढळतो, आणि कामाचा वेग त्यानंतर. आज युनिकोडमध्ये लिहूनही रेमिंग्टनची मांडणी वापरता येते, कारण मांडणी हे केवळ कोष्टक आहे. साठविला जाणारा मजकूर तोच राहतो. एका टेबलावर रेमिंग्टन, दुसऱ्यावर इन्स्क्रिप्ट आणि तिसऱ्यावर उच्चारानुसारी मांडणी असली तरी तिन्ही टेबलांवरून येणाऱ्या टिपणीत काहीएक फरक पडत नाही. मात्र जो नव्याने शिकणार आहे त्याने इन्स्क्रिप्टच शिकावी, असे माझे मत आहे. एक मांडणी शिकली की गुजराती, कन्नड किंवा बंगाली लिपीतही तेच उच्चार त्याच जागी सापडतात. शिवाय प्रत्येक मराठी अक्षराची तिला स्वतंत्र जाण आहे.

ही जाण किती आवश्यक आहे याचे एक उदाहरण देतो. 'आचार्यांना मानधन द्यावे' आणि 'आचाऱ्यांना मानधन द्यावे' या दोन वाक्यांत पैसे वेगवेगळ्या माणसांच्या हाती पडतात. पहिल्यात विद्वान गुरुजन, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचेही तसेच. एक समुद्र आहे, दुसरे डोंगरांमधले खोलगट भाग. दुसऱ्या प्रकारच्या 'र'साठी इन्स्क्रिप्टमध्ये 'र'चीच कळ 'शिफ्ट'सह दाबावी, नंतर हलन्त आणि मग 'य'. हे ठाऊक नसल्यामुळे 'सुट्टीवर जाणार्यांनी' अशा ओळी परिपत्रकांतून सर्रास दिसतात. 'ॲ'ची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठीतील 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्यापूर्वी ठरलेल्या मांडण्यांत त्याच्या जागी हिंदी वळणाचा 'ऍ' आहे. ज्याच्या संगणकावर असे असेल त्याने 'वर्ड'मधील 'इन्सर्ट' यादीतून 'सिम्बॉल' उघडावे, 'ॲ' निवडावा आणि तेथील 'शॉर्टकट की' या बटणाने त्याला एखादी मोकळी जोडकळ देऊन टाकावी. हे काम दोन मिनिटांचे आहे. त्यानंतर प्रत्येक 'ॲडव्होकेट'पाशी थांबण्याचे कारण उरत नाही.

मराठी कामकाजात खरा वेळ जातो तो भाषा पालटण्यात. मजकूर मराठी, त्यात एखादे इंग्रजी नाव, पुन्हा मराठी, पुन्हा ई-मेलचा पत्ता. विंडोज प्रणालीत डावी 'आल्ट' आणि 'शिफ्ट', अथवा विंडोजची कळ आणि 'स्पेस' दाबून भाषा पालटते, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु ही कळ पालटणारी आहे, ठरविणारी नाही. ती दाबण्यापूर्वी सध्या कोणती भाषा चालू आहे हे माहीत असावे लागते, आणि कागदावरून पाहून टंकलेखन करणाऱ्याची नजर तर पडद्यावर नसते. ओळभर मजकूर भलत्याच अक्षरांत उमटल्यावर चूक ध्यानात येते. यावर उत्तम उपाय असा की प्रत्येक भाषेला तिची स्वतःची कळ द्यावी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टायपिंग' या भागात 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' आणि त्यात 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' असा विभाग आहे. तेथे 'चेंज की सीक्वेन्स' या बटणाने मराठीला 'कंट्रोल-शिफ्ट-१' आणि इंग्रजीला 'कंट्रोल-शिफ्ट-२' अशा कळा नेमून देता येतात. मग आधी काय चालू होते हा प्रश्नच राहत नाही. मराठी हवी तेव्हा मराठीची कळ दाबावी; ती आधीच चालू असली तरी काही बिघडत नाही. माझ्या अनुभवात संगणकावरील कोणत्याही एका बदलाने एवढा त्रास वाचविलेला नाही.

आता कर्सर हलविणाऱ्या कळांविषयी. बाणांच्या चार कळा आज आपल्याला स्वाभाविक वाटतात, पण त्याही कोणीतरी केव्हातरी ठरविलेल्याच आहेत. १९७६ साली निघालेल्या लिअर सिग्लर कंपनीच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर बाणांसाठी वेगळ्या कळाच नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी आपला 'व्हीआय' हा संपादक त्या यंत्रावर घडविला, आणि म्हणून जगभरचे कित्येक प्रोग्रामर आजही त्याच चार अक्षरांनी कर्सर हलवितात. उलट्या 'टी'च्या आकारातील बाणांची मांडणी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या एलके-२०१ या कळफलकाने १९८२ च्या सुमारास रूढ केली आणि आयबीएमने ती उचलल्यावर सर्वत्र पसरली.

देवनागरीत या कळांचे वर्तन थोडे निराळे आहे आणि ते समजून घेतल्यावाचून दुरुस्तीचे काम नीट होत नाही. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसते. संगणकाच्या लेखी त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा क्रमांक आहेत. 'वर्ड'सारख्या प्रोग्राममध्ये बाणाची कळ दाबली असता कर्सर या संपूर्ण अक्षरावरून एकदम उडी मारतो. अक्षराच्या आधी कर्सर ठेवून 'डिलीट' दाबले तर सबंध 'स्त्री' नाहीशी होते. अक्षरानंतर कर्सर ठेवून 'बॅकस्पेस' दाबले तर मात्र फक्त वेलांटी जाते आणि 'स्त्र' शिल्लक राहते. म्हणजे मात्रा, वेलांटी किंवा अनुस्वार दुरुस्त करावयाचा असेल तर अक्षराच्या पुढे जाऊन 'बॅकस्पेस' वापरावे; अक्षरच नको असेल तर मागे राहून 'डिलीट' वापरावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढताना पूर्ण शब्द पुसून पुन्हा लिहिणारे अनेकजण आहेत. त्यांचे निम्मे श्रम या एका भेदाने वाचतील.

याखेरीज 'कंट्रोल' दाबून डावा-उजवा बाण वापरल्यास एकेक शब्द, वरचा-खालचा वापरल्यास एकेक परिच्छेद ओलांडता येतो. 'वर्ड'मध्ये 'शिफ्ट-एफ ५' दाबली तर आपण शेवटी जेथे दुरुस्ती केली त्या जागी कर्सर परत जातो. चाळीस पानांच्या अहवालात ही कळ फार मोलाची ठरते. एक्सेलमध्ये बाण दाबूनही चौकट न हलता संपूर्ण पत्रकच सरकू लागले तर यंत्र बिघडलेले नसून 'स्क्रोल लॉक' चालू झालेले असते.

आवक-जावक नोंदवही संगणकावर ठेवणाऱ्यांनी एका सोयीकडे अवश्य लक्ष द्यावे. नोंद डावीकडून उजवीकडे करावयाची असते : क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय. परंतु एक्सेलमध्ये 'एंटर' दाबले की चौकट खालच्या ओळीत जाते. कारकून मग प्रत्येक वेळी माऊसकडे हात नेतो. दिवसाला ऐंशी पत्रे आणि प्रत्येकी चार रकाने असतील तर हा हात किती वेळा उचलला गेला याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. 'फाईल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' या मार्गाने गेल्यास पहिल्याच गटात 'एंटर'नंतर चौकट कोणत्या दिशेला जावी हे ठरविता येते. तेथे 'राइट' निवडावे. लिब्रेऑफिसच्या 'कॅल्क'मध्येही अशीच निवड आहे. सेटिंग बदलावयाचे नसेल तर रकान्यारकान्यातून 'टॅब'ने जावे आणि ओळीच्या शेवटी 'एंटर' दाबावे. चौकट आपोआप पुढील ओळीच्या पहिल्या रकान्यात येते.

स्वतःच्या जोडकळा नेमण्याची रीत कठीण नाही. लिब्रेऑफिसमध्ये 'टूल्स' यादीतील 'कस्टमाइझ' उघडून 'कीबोर्ड' हे पान घ्यावे. वर कळांची यादी, खाली आज्ञांची यादी. कळ निवडावी, आज्ञा निवडावी, जोडून द्यावी. 'वर्ड'मध्ये 'फाईल', 'ऑप्शन्स', 'कस्टमाइझ रिबन' येथे तळाशी 'कीबोर्ड शॉर्टकट्स'पुढे 'कस्टमाइझ' हे बटण आहे. तेथे नवी जोडकळ दाबून पाहिली की ती सध्या कोणत्या आज्ञेला दिली आहे हे लगेच दिसते. ही ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'कंट्रोल' आणि 'आल्ट' एकत्र घेऊन जोडकळ करणेही शक्यतो टाळावे. अनेक मांडण्यांत ही जोडी उजव्या 'आल्ट'प्रमाणे वागते व तिने विशेष चिन्हे उमटतात; इंग्रजी (भारत) या मांडणीत 'कंट्रोल-आल्ट-४' ने २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह येते, ते तसेच राहू द्यावे.

प्रत्येक गोष्टीला जोडकळ हवी असेही नाही. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' ही ओळ दिवसातून दहा वेळा लिहावी लागत असेल तर ती तयार मजकूर म्हणून साठवून तिला 'उवि' असे आखूड नाव द्यावे. 'उवि' लिहून 'एफ ३' दाबले की सबंध ओळ उमटते. 'वर्ड' आणि लिब्रेऑफिस 'रायटर' या दोहोंतही यासाठी 'एफ ३' हीच कळ आहे.

उत्साहाच्या भरात काय होते हेही सांगितले पाहिजे. ही विद्या नवी असताना मी एका आठवड्यात पंचवीस-तीस कळा बदलल्या. 'कंट्रोल-डब्ल्यू'ने 'विषय :' ही ओळ उमटावी अशी व्यवस्था केली, कारण 'वि' म्हटले की मला 'डब्ल्यू' आठवे. पुढे एकदा घाईच्या वेळी सहकाऱ्याच्या संगणकावर बसून दोन पानांची टिपणी लिहिली आणि सवयीने तीच जोडकळ दाबली. मूळ व्यवस्थेत ती कागदपत्र बंद करण्याची आज्ञा आहे. साठवावयाचे काय, असे यंत्राने विचारलेही. मला भलताच प्रश्न आला असे वाटून मी 'नको' म्हणालो. टिपणी गेली. तेव्हापासून साठविणे, बंद करणे, छापणे, नक्कल करणे, चिकटविणे आणि केलेले मागे घेणे या आज्ञांच्या कळांना मी हात लावत नाही, आणि नव्या कळा पाच-सहाच ठेवतो. ज्या क्रियेसाठी दिवसातून दहादा तरी हात माऊसकडे जातो तिलाच कळ द्यावी, हे प्रमाण मला पुरेसे वाटते.

आतापर्यंतचा विचार सोयीचा झाला. काही सहकाऱ्यांसाठी मात्र हा सोयीचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमाने शासकीय पदांत किमान चार टक्के आरक्षण ठेवले असून त्यातील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. अंध कर्मचाऱ्यास माऊसचा उपयोग नाही. त्याच्यासाठी कळफलक हाच संगणकाचा एकमेव दरवाजा आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ पासून विकसित केलेले 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते, मराठीही वाचते. त्याच्या 'इनपुट जेश्चर्स' या चौकटीत प्रत्येक आज्ञेची कळ आपल्या सोयीने बदलता येते. ज्यांना दोन कळा एकाच वेळी दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' आहे. 'शिफ्ट' पाच वेळा दाबल्यास ती सुरू करण्याविषयी विचारणा होते. मग 'कंट्रोल' दाबून सोडावे आणि नंतर अक्षराची कळ दाबावी, एका बोटानेही काम होते. आपल्याला न हवी असताना ही चौकट पुढे आली म्हणून ती कायमची बंद करून टाकणाऱ्याने, त्या खुर्चीवर उद्या कोण बसणार आहे याचा विचार केलेला बरा.

डोळस लिपिकाची एक साधी सवय येथे आड येते. अहवालातील शीर्षक वेगळे दिसावे म्हणून तो अक्षरे मोठी आणि ठळक करतो. डोळ्यांना ते शीर्षक दिसते; संगणकाला ती केवळ ठळक ओळ वाटते. 'एनव्हीडीए' वापरणाऱ्यास 'एच' ही एकच कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते, पण ते शीर्षक 'हेडिंग' या शैलीत लिहिले असेल तरच. नाही तर चाळीस पाने ओळीओळीने ऐकत बसण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. लिब्रेऑफिस 'रायटर'मध्ये 'कंट्रोल-१' ने पहिल्या दर्जाचे आणि 'कंट्रोल-२' ने दुसऱ्या दर्जाचे शीर्षक होते. 'वर्ड'मध्ये मूळ कळ 'कंट्रोल-आल्ट-१' आहे. काही मांडण्यांत ती अडते. तेव्हा वर सांगितलेल्या मार्गाने 'हेडिंग १' या शैलीला दुसरी मोकळी जोडकळ द्यावी. जोडकळ देण्यास सर्वांत योग्य अशी एखादी आज्ञा असेल तर ती ही होय. डोळस माणसालाही 'नॅव्हिगेशन' पट्टीत सर्व शीर्षकांची यादी मिळते आणि अनुक्रमणिका हाताने तयार करावी लागत नाही.

सामायिक संगणकावर शक्य असेल तर प्रत्येकाने आपल्या स्वतंत्र नावाने प्रवेश करावा, म्हणजे एकाचे बदल दुसऱ्याच्या वाटेत येत नाहीत. ते शक्य नसेल तर बदललेल्या कळांचा कागद पडद्याशेजारी लावावा, आणि अंध सहकाऱ्यास तो वाचून दाखवावा; न सांगता बदललेली कळ त्याच्यासाठी न सांगता हलविलेल्या घरातील सामानासारखी असते. बदलीचा आदेश हाती पडल्यावर लिब्रेऑफिसच्या त्याच 'कीबोर्ड' पानावरील 'सेव्ह' बटणाने आपली मांडणी एका फाईलमध्ये साठवून बरोबर घ्यावी व नव्या जागी 'लोड'ने उतरवावी. 'वर्ड'च्या कळा सामान्यतः 'नॉर्मल' नावाच्या साच्यात असतात. त्याची प्रत घ्यावी. त्यानंतर जुन्या संगणकावर 'रीसेट' करून मूळ कळा पूर्ववत कराव्यात आणि मगच कार्यभार सोपवावा.